शाळेच्या पाटीवर कोणाचे नाव? कॉम्रेड आर. बी. मोरे यांची आठवण

गावच्या हायस्कूलचे नाव बदलायचे असा विषय निघाला की रायगडच्या किनारपट्टीवर दोन-तीन नावे ठरलेलीच असतात. कोणी जमीन देणाऱ्या घराण्याचे नाव सुचवतो, कोणी पुढाऱ्याचे. आपल्या वस्तीतून बाबासाहेबांचे नाव पुढे येते आणि लगेच वातावरण तापते. या वादात एक नाव मात्र आम्हाला क्वचितच ऐकू येते. ज्या मुलाने याच जिल्ह्यात हायस्कूलचे दार स्वतःच्या हिमतीने उघडायला लावले, त्या रामचंद्र बाबाजी मोरे यांचे. आपल्या तरुणांना ते माहीत असलेच तर महाड परिषदेचे एक संघटक म्हणून, एका ओळीपुरते. म्हणून त्यांचे आयुष्य इथे थोडे सविस्तर सांगत आहोत.

मोरे यांचा जन्म १ मार्च १९०३ रोजी महाड तालुक्यातील लाडवली येथे झाला. बालपण दासगावात गेले. दासगाव हे सावित्री नदीकाठचे बंदर. मुंबईहून येणारा माणूस आणि माल इथे उतरायचा. महार पलटणीतून निवृत्त झालेली अनेक कुटुंबे या पट्ट्यात राहत होती. लष्करात शिकता आले होते, त्यामुळे या घरांत अक्षरओळख लवकर पोहोचली. गोपाळबाबा वलंगकर हे याच तालुक्यातील रावढळचे. लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली आणि १८८९ च्या सुमारास विनंतीपत्र लिहिले. महाडचा सत्याग्रह आकाशातून पडला नाही. त्याच्या मागे दोन पिढ्यांचे वाचन, लेखन आणि अर्ज-विनंत्या होत्या.

१९१४ साली अकरा वर्षांचे मोरे अलिबागला जाऊन शिष्यवृत्तीची परीक्षा पास झाले. पुढचे शिक्षण महाडच्या इंग्रजी शाळेत घ्यायचे होते. शाळेने प्रवेश नाकारला. शाळेची इमारत एका सनातनी मालकाची होती आणि अस्पृश्य मुलगा आपल्या वास्तूत आलेला त्याला चालणार नव्हता. म्हणजे शाळा सरकारी अनुदानावर चालणार, पण आत कोणी यायचे हे घरमालक ठरवणार.

या वयाचा मुलगा अशा वेळी रडून घरी बसतो. मोरे यांनी एका हितचिंतकाच्या सल्ल्याने मुंबईच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिले. पत्र छापून आले, प्रकरण चव्हाट्यावर आले आणि शाळेला प्रवेश द्यावा लागला. वर्गात त्यांना वेगळे बसवण्यात आले, हेही खरे. पण प्रवेश मिळाला.

या घटनेचे मोल समजण्यासाठी आगेमागे पाहावे लागते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला होता. सरकारपर्यंत अर्ज गेला, पण पदरी काही पडले नाही. अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या शाळांचे अनुदान बंद करण्याचा मुंबई सरकारचा ठराव आला तो थेट १९२३ साली, म्हणजे मोरे यांच्या पत्रानंतर नऊ वर्षांनी. कायदा पाठीशी नसताना दासगावच्या एका मुलाने हे करून दाखवले होते.

गरिबीमुळे त्यांचे शिक्षण पुढे गेले नाही. मिळेल ते काम करत ते जगले, पण वाचन आणि माणसे जोडणे थांबले नाही. महाडच्या बाजाराला खेड्यापाड्यांतून आपले लोक यायचे. दिवसभर पायपीट करून आलेल्या माणसाला बाजारात पाणीसुद्धा मिळत नसे. आपल्या लोकांसाठी तिथे चहाचे दुकान सुरू व्हावे म्हणून मोरे यांनी खटपट केली. दुकान सुरू झाले आणि तिथे चहा-पाण्याबरोबर बातम्या, तक्रारी आणि अर्ज लिहून देण्याचे कामही होऊ लागले. आज ज्याला आपण संघटन बांधणी म्हणतो, ते इथे पाण्याच्या एका पेल्यापासून सुरू झाले.

ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे आणि शाळा खुल्या करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. त्यामागे सुरेंद्रनाथ टिपणीस होते. ठराव कागदावर राहिला. तळ्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. याच काळात मोरे मुंबईत बाबासाहेबांना भेटले आणि कुलाबा जिल्ह्यात परिषद घेऊन तिचे अध्यक्षपद स्वीकारण्याची विनंती केली. परिषद लगेच झाली नाही. मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधला काळ गावोगावच्या बैठकांत घालवला. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली. २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पुढे हल्ला झाला, लोक रक्तबंबाळ झाले, डिसेंबरात दुसरी परिषद झाली आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. तळ्याचा खटला उच्च न्यायालयात जिंकला गेला तो १७ मार्च १९३७ रोजी.

१९३० मध्ये मोरे कम्युनिस्ट पक्षात गेले. इथून आपल्या सांगण्यातून त्यांचे नाव पुसट होत जाते. ते मुंबईच्या कामगारांत राबले, भूमिगत राहिले, हालअपेष्टा सोसल्या. पण बाबासाहेबांशी त्यांचा संबंध तुटला नाही. जातीचा प्रश्न बाजूला ठेवून कामगारांची एकजूट होणार नाही, हे त्यांनी आपल्याच पक्षाला लेखी टिपणे देऊन सांगितले. पक्षाने ते पुरेसे ऐकले नाही, असे आमचे मत आहे. ७ नोव्हेंबर १९३८ चा औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धचा संप स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून केला. या दोन प्रवाहांत सतत ये-जा करणाऱ्या मोजक्या माणसांपैकी मोरे एक होते. १९६५ मध्ये त्यांनी 'जीवनमार्ग' साप्ताहिक सुरू केले. ११ मे १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे अपूर्ण आत्मकथन आणि मुलगा सत्येंद्र मोरे यांनी लिहिलेले चरित्र २००३ मध्ये पुस्तकरूपाने आले. ते आपल्या प्रत्येक वाचनालयात असायला हवे.

आता पाटीच्या प्रश्नाकडे येऊ. नाव बदलल्याने काय होते, असे विचारणारे बहुधा ते असतात ज्यांची नावे आधीच पाटीवर आहेत. आपल्या जिल्ह्याचेच नाव १९८१ साली कुलाब्याचे रायगड झाले आणि आज सगळे ते सहज उच्चारतात. पण मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला तेव्हा वस्त्या जाळल्या गेल्या, पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांनी जीव गमावला आणि नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. तेव्हा विरोध नाव बदलण्याला नव्हता, तो या एका नावाला होता.

मोरे यांच्या नावाला दोन आक्षेप आपल्याच घरातून येतील. पहिला, ते कम्युनिस्ट होते. होते. पण महाडच्या भूमीवर बाबासाहेबांना बोलावणारा माणूस पुढे कोणत्या पक्षात गेला यावरून त्याचे श्रेय कापायचे असेल, तर टिपणीस आणि चित्रे यांचेही कापावे लागेल, आणि दुसऱ्या परिषदेच्या मंडपासाठी जागा देणाऱ्या फत्तेखान यांचेही. दुसरा आक्षेप असा की शाळेत शिक्षक नाहीत, पटसंख्या घटते आहे, मग पाटीचा हट्ट कशाला? हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. मोरे यांचे नाव लावायचे आणि त्याच शाळेत आदिवासी वाडीवरचे पोर मागच्या बाकावर एकटे बसवायचे, असे झाले तर ती त्यांची विटंबना ठरेल.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. तुमच्या गावात हा विषय निघाला तर घोषणेने सुरुवात करू नका. आधी मोरे यांचे चरित्र वस्तीत आणि वस्तीबाहेरही वाचा. आगरी, कोळी, कुणबी, मुस्लिम पालकांना विचारा की तुमच्या आज्याला या शाळेत सहज प्रवेश मिळाला होता का. बहुतेकांकडे सांगण्यासारखे काही ना काही निघेल. मग ग्रामसभेत लेखी ठराव मांडा आणि त्याच ठरावात रिक्त शिक्षकपदे, मुलींचे स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी या मागण्याही घाला. ठराव फेटाळला गेला तरी त्याची नोंद इतिवृत्तात राहील याची काळजी घ्या. अकरा वर्षांच्या मोरे यांनी एक पत्र लिहिले होते. आपल्याला निदान एक अर्ज तरी नीट लिहिता आला पाहिजे.

जयभीम.