आधी देव, मग राजा

२२ जून रोजी ख्रिस्तसभा संत थॉमस मोर ह्यांचा सण साजरा करते. ते धर्मगुरू नव्हते की मठवासी नव्हते. आपल्यासारखेच ते प्रापंचिक होते. वकिली, संसार, चार मुले आणि राजाची चाकरी सांभाळून ते संत झाले.

थॉमस ह्यांचा जन्म १४७८ साली लंडनमध्ये झाला. तरुणपणी ते सुमारे चार वर्षे कार्थुसियन मठाच्या सहवासात राहिले. मठवासी व्हावे की संसार करावा, ह्याचा त्यांनी प्रार्थनापूर्वक विचार केला आणि विवाह केला. १५११ साली पत्नी जेन चार लहान मुलांना मागे ठेवून वारली. लवकरच त्यांनी ॲलिस ह्या विधवेशी लग्न केले. मुलींना फारसे शिकवत नसत अशा त्या काळात त्यांनी आपल्या मुलींना लॅटिन व ग्रीक शिकवले.

चेल्सी येथील त्यांच्या घरी रात्री झोपण्यापूर्वी बायकामुले व नोकरचाकर गुडघे टेकून एकत्र प्रार्थना करीत. १५२९ साली त्यांची धान्याने भरलेली कोठारे आगीत जळाली. शेजाऱ्यांचेही नुकसान झाले. थॉमस तेव्हा राजाच्या कामासाठी बाहेरगावी होते. त्यांनी ॲलिसला पत्र पाठवून कळवले की, घरातल्या सर्वांना घेऊन चर्चमध्ये जा. देवाने जे दिले, जे नेले आणि जे राखले त्या सर्वांसाठी त्याचे आभार मान. शेजाऱ्यांचे किती नुकसान झाले ह्याची चौकशी करायलाही त्यांनी सांगितले. आपल्या घरी काहीच उरले नाही तरी चालेल, पण आपल्यामुळे शेजारी बुडता कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते लॉर्ड चॅन्सेलर झाले. एवढ्या मोठ्या पदावर असतानाही ते दररोज न्यायालयात आपल्या वृद्ध वडिलांसमोर गुडघे टेकून आशीर्वाद घेत. चेल्सीच्या चर्चमध्ये ते गायकवृंदात गात. एकदा नॉरफोकच्या ड्यूकने त्यांना तेथे गाताना पाहिले. चॅन्सेलरने असे गाणे राजाला कमीपणा आणणारे आहे, असे त्याला वाटले. राजाच्याही धन्याची सेवा केल्याने राजाचा अपमान होत नाही, असे थॉमस ह्यांनी त्याला समजावले.

थॉमस निर्दोष होते असे नाही. त्या काळी भिन्न मताच्या लोकांना जाळून मारीत आणि थॉमस त्या कायद्याच्या बाजूने होते. ही गोष्ट आज आपल्याला सलते.

पुढे आठव्या हेन्रीने राणी कॅथरिनला सोडून दुसरा विवाह करायचे ठरवले आणि तो स्वतःच इंग्लंडच्या ख्रिस्तसभेचा प्रमुख बनू पाहत होता. थॉमस ह्यांनी १५३२ साली राजीनामा दिला. मिळकत आटली आणि घरखर्चाला कात्री लागली. १५३४ साली राजाच्या बाजूने शपथ घेण्याची सक्ती झाली. बिशप जॉन फिशर वगळता बाकी बिशपांनी ती घेतली. थॉमस ह्यांच्या लाडक्या मुलीने, मार्गारेटनेही घेतली. त्यांनी मात्र नकार दिला आणि त्यांना टॉवरच्या तुरुंगात टाकण्यात आले.

खरी परीक्षा तेथे झाली. चांगले घर सोडून येथे उंदरांत कशाला राहता, असे ॲलिसने त्यांना रागाने विचारले. हीही जागा स्वर्गापासून तेवढीच जवळ आहे, असे त्यांनी तिला शांतपणे सांगितले. शिक्षा झाल्यावर मार्गारेट शिपायांची गर्दी दूर सारून त्यांच्या गळ्यात पडली. घरच्यांवरचे त्यांचे प्रेम कमी झाले नव्हते, पण देवाची जागा ते कोणालाच देऊ शकत नव्हते. ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. आपण राजाचे सेवक म्हणून मरतो, पण त्याआधी देवाचे सेवक आहोत, असा त्यांचा अखेरचा निरोप होता. १९३५ साली पोप अकरावे पायस ह्यांनी त्यांना संतपद दिले.

आपल्यापुढे टॉवरचा तुरुंग नाही. पण मिस्साची आणि क्लासची वेळ एकच येते. जमिनीच्या व्यवहारात खोटा आकडा लिहायचा आग्रह होतो. दिवसभराच्या थकव्यामुळे घरची सायंप्रार्थना राहून जाते. थॉमस ह्यांचे धैर्य तुरुंगात एकाएकी आले नाही. रोजची प्रार्थना, गायकवृंदातली जागा आणि शेजाऱ्याची भरपाई ह्यांतून ते वर्षानुवर्षे घडत गेले. आपणही आज रात्री सर्वांनी मिळून प्रार्थनेला बसू या.

संत थॉमस मोर, आमच्यासाठी विनंती कर.