पृथ्वी तोलणारा हेन्री कॅव्हेंडिश

पायलीभर बाजरी व पायलीभर कोंडा ह्यांनीं जागा सारखीच व्यापिली, तरी तराजूंत तीं एकमेकांच्या बरोबरीस उतरत नाहींत, हें आमच्या वाचकांच्या घरांतील लहान मुलासही ठाऊक आहे. व्यापिलेल्या जागेस आकारमान म्हणतात. व तेवढ्या जागेंत द्रव्य किती दाटून भरलें आहे, त्यास घनता म्हणतात. ज्या गृहस्थानें सबंध पृथ्वीची घनता मोजली, त्याचें चरित्र आज आम्ही सादर करीत आहों.

हेन्री कॅव्हेंडिश ह्याचा जन्म ता. १० आक्टोबर १७३१ रोजीं नीस येथें एका इंग्रज उमराव घराण्यांत झाला. दोन वर्षांचा होतो न होतो तोंच त्याची आई निवर्तली. केंब्रिज येथें तो सुमारें चार वर्षें राहिला व पदवी न घेतांच परतला. पुढें वारशानें अपार संपत्ति हातीं आली, तरी अंगावरचा कोट जुन्या वळणाचाच राहिला. बोलण्याचा त्यास मोठा संकोच असे, व स्त्रियांसमोर तर फारच. जेवणास काय करावें हें तो घर सांभाळणाऱ्या बाईस चिठ्ठी लिहून कळवी. लोक त्यास विक्षिप्त म्हणत. आम्हांस वाटतें, शब्दांत वांचविलेलें सारें त्यानें मोजमापांत खर्चिलें. हायड्रोजन ह्या नांवानें आज ओळखिला जाणारा वायु साध्या हवेहून कितीतरी पट हलका आहे, हें त्यानें १७६६ सालींच तोलून दाखविलें होतें.

पुढें जाण्यापूर्वीं एक खुलासा केला पाहिजे. पृथ्वी वस्तूस आपल्याकडे ओढते, त्या ओढीचा जोर म्हणजे वजन. वस्तूंत मुळांत जितकें द्रव्य आहे, तें वस्तुमान. १९६९ सालीं मनुष्य चंद्रावर उतरला तेव्हां त्याचें वजन सुमारें सहावा हिस्सा उरलें, पण वस्तुमान रतिभरही घटलें नाहीं. स्प्रिंगच्या काट्यावर हा फरक दिसेल. दोन पारड्यांच्या तराजूंत दिसणार नाहीं, कारण तेथें मापेंही तितकींच हलकीं होतात. आतां, पृथ्वी सर्वांस ओढते, तर तिचें स्वतःचें वजन कोणत्या तराजूंत करावें? हा प्रश्नच फसवा आहे. विचारावयाचें तें तिचें वस्तुमान. तिचें आकारमान विद्वानांस ठाऊक होतें. उणीव होती ती घनतेची.

१७७४ सालीं स्कॉटलंडांतील शिहॅलियन डोंगराच्या ओढीनें ओळंबा किती कलतो हें पाहण्यांत आलें, व त्यावरून पृथ्वीची घनता पाण्याच्या सुमारें साडेचार पट निघाली. पण डोंगराच्या पोटांत काय दडलें आहे, हें कोणीं पाहिलें होतें? डोंगराऐवजीं शिशाचे गोळे घ्यावे, ही युक्ति जॉन मिचेल नांवाच्या पाळकाची. यॉर्कशायर परगण्यांत थॉर्नहिल येथील मंडळीची सेवा करीत असतां त्यानें त्यासाठीं यंत्र तयार केलें. (पाळकास असल्या उद्योगास सवड कशी मिळे, हें आम्हांस कोडेंच आहे.) प्रयोग होण्यापूर्वींच, १७९३ सालीं, तो मरण पावला. तें यंत्र पुढें कॅव्हेंडिशकडे आलें व त्यानें तें बहुतेक नव्यानें बांधिलें.

सहा फूट लांबीचा लांकडी दांडा बारीक तारेनें मधोमध टांगिला होता, व त्याच्या दोन्ही टोकांस सुमारें ७३० ग्रॅमचा एकेक शिशाचा गोळा होता. त्यांच्याजवळ १५८ किलोचे दोन मोठे गोळे आणिले म्हणजे दांडा किंचित् वळे. ही ओढ लहान गोळ्याच्या वजनाच्या सुमारें पांच कोटींव्या हिश्श्याइतकी! जवळ मनुष्य उभा राहिला, तरी त्याच्या अंगाच्या उबेनें हवा हलावयाची व सारें मोजमाप बिघडावयाचें. म्हणून कॅव्हेंडिशनें यंत्र बंद खोलींत ठेविलें, मोठे गोळे बाहेरून हलविले, व भिंतींत बसविलेल्या दुर्बिणींतून दांड्याची हालचाल न्याहाळिली. तेव्हां त्याची पासष्टी उलटली होती. मोठ्या गोळ्याची ओढ एकीकडे, व पृथ्वीची ओढ, म्हणजेच लहान गोळ्याचें वजन, दुसरीकडे. ह्यांची तुलना करून व अंतरें हिशेबांत धरून त्यानें १७९८ सालीं जाहीर केलें कीं, पृथ्वी पाण्याच्या ५.४८ पट दाट आहे. त्याच्याच आंकड्यांची खरी सरासरी ५.४४८ येते; ही हिशेबाची चूक पुढें फ्रान्सिस बेली ह्यानें दाखविली. आजचा आंकडा ५.५१ आहे, तेव्हां चुकीनें तो सत्याच्या अधिक जवळ गेला!

आमच्या सह्याद्रीचा काळा दगड पाण्याच्या जेमतेम तिप्पट दाट असतो. पृथ्वी आंतबाहेर अशाच दगडाची असती, तर साडेपांच पट हा आंकडा कोठून येता? तिच्या पोटांत फार दाट असें कांहीं असलेंच पाहिजे. पृथ्वी आंतून पोकळ आहे, असें मत हॅलेसारख्या मोठ्या ज्योतिष्यानें १६९२ सालीं मांडिलें होतें. त्यास आतां थारा उरला नाहीं. पृथ्वीच्या गाभ्यांत मुख्यतः लोखंड आहे, हें पुढें शास्त्रज्ञांनीं ठरविलें. घनतेस आकारमानानें गुणिलें म्हणजे वस्तुमान निघतें. पृथ्वीचें वस्तुमान सुमारें ६ वर २४ शून्यें इतके किलो आहे.

कॅव्हेंडिश ता. २४ फेब्रुवारी १८१० रोजीं वारला व डर्बी येथें त्यास पुरण्यांत आलें. त्याचे कितीएक शोध कागदांतच पडून राहिले होते. त्यांपैकीं विजेसंबंधींचे लेख मॅक्सवेल ह्यानें १८७९ सालीं छापून प्रसिद्ध केले.