माधानचे प्रज्ञाचक्षू

अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार तालुक्यातले माधान हे गाव संत गुलाबराव महाराजांमुळे महाराष्ट्राला परिचित झाले. ६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळी येथे, मोहोड या शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वय वर्षाचेही नसताना त्यांची दृष्टी गेली. चौथ्या वर्षी आई अलोकाबाई निवर्तल्या आणि लोणी टाकळीला आजीने त्यांचा सांभाळ केला. पुढील सुमारे सहा वर्षे त्यांची तेथेच गेली.

अंध मुलाला शिकविण्याची सोय त्या काळी वऱ्हाडात नव्हती. भारतातील पहिली अंधशाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली. मुंबईत ती निघण्यास १९०० साल उजाडावे लागले. भारतीय भाषांसाठी समान ब्रेल लिपी तर १९५१ मध्ये आली. अशा परिस्थितीत ते मूल घराच्या कोपऱ्यात बसून राहिले असते, तरी कोणाला नवल वाटले नसते. परंतु आजीच्या मायेने त्याला आधार मिळाला आणि भजन-कीर्तनाने भारलेल्या ग्रामजीवनाने त्याचे कान तयार केले. ऐकावे आणि मनात साठवावे, हीच त्याची शाळा ठरली.

दहाव्या वर्षाच्या सुमारास ते माधानला परतले, तेव्हा या सवयीचे रूपांतर ज्ञानाच्या भुकेत झाले. ज्याला वाचता येई, त्याच्याकडून ते ग्रंथ वाचून घेत. वेदान्त, पुराणे, आयुर्वेद, संगीत असे विषय त्यांनी याच मार्गाने आत्मसात केले. मिळणारा वाचक आणि हाती येणारा ग्रंथ यांवर त्यांचे सारे शिक्षण अवलंबून होते. म्हणूनच एकदा ऐकलेले विसरणे त्यांना परवडणारे नव्हते. १८९६ मध्ये, पंधराव्या वर्षी, मनकर्णिकाबाईंशी त्यांचा विवाह झाला. संसारात राहूनही अध्ययन खंडित झाले नाही.

१९०१ मध्ये ज्ञानेश्वरांचा अनुग्रह झाला, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. पुढे ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या आणि श्रीकृष्णाची पत्नी मानू लागले. या भक्तीला त्यांनी मधुराद्वैत या तत्त्वज्ञानाचे अधिष्ठान दिले. तिचे मूळ केवळ बालपणीच्या पोरकेपणात शोधणे भक्तीवर अन्याय करणारे ठरेल. मात्र आईविना वाढलेल्या मनाने ईश्वराशी जोडलेली नाती इतकी जिव्हाळ्याची असावीत, हे लक्षणीय आहे.

डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचाही त्यांनी चिकित्सक परामर्श घेतला. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या नावावर शंभराहून अधिक ग्रंथ जमा झाले.

त्यांच्या प्रतिभेचे श्रेय परिस्थितीला देता येणार नाही. तथापि आजीने जवळ घेतले नसते आणि कोणी वाचून दाखविले नसते, तर ती प्रतिभा कदाचित माधानच्या वेशीबाहेरही पोहोचली नसती. मुलाची उणीव मोजण्याआधी त्याच्यापाशी बसून वाचणारे कोणी आहे का, हे पाहावे, एवढा बोध या चरित्रातून निश्चित घेता येतो.