मार्कोनी आणि ‘दुसऱ्या कंपनीचा’ रेडिओ

खडकीतून जाताना मला गुल्येल्मो मार्कोनी आठवतात. १९२७ साली त्यांच्याच शॉर्टवेव्ह तंत्रावर खडकीहून थेट इंग्लंडला बिनतारी संदेश जाऊ लागले. १८७४ मध्ये इटलीत जन्मलेल्या मार्कोनींनी १९०१ मध्ये अटलांटिकपार सिग्नल पोचवला, १९०९ मध्ये नोबेल मिळवलं. पण एक गोष्ट मला खटकते. संकटकाळ सोडला, तर त्यांच्या कंपनीची केंद्रं दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांशी बोलायचीच नाहीत! शेवटी १९०६ च्या बर्लिन करारात ठरलं: यंत्र कुणाचंही असो, जहाजाचा संदेश घ्यायचाच. १९३७ मध्ये मार्कोनी गेले, प्रश्न उरला. अग्निशमन दल आणि पोलिसांचे वॉकीटॉकी एकमेकांशी बोलतात का, हे आधीच तपासायला हवं. यालाच इंटरऑपरेबिलिटी टेस्ट म्हणतात. मुठेला पूर आल्यावर तपासायला वेळ कुठे असतो?