चुंबकाचा डॉक्टर : विल्यम गिल्बर्ट

'हार्ड आणि सॉफ्ट मॅग्नेटिक मटेरियल्समधला फरक लिहा' हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. दोन हिस्टेरिसिस लूप काढायचे, एक जाडजूड आणि एक बारीक, की झालं! पण हे दोन पदार्थ एकमेकांना चिकटवले तर काय होईल? हे चारशे वर्षांपूर्वी ज्याने नीट तपासून लिहून ठेवलं तो माणूस इंजिनिअर नव्हता, चक्क डॉक्टर होता. त्याचीच ओळख मी इथे करून देणार आहे.

विल्यम गिल्बर्टचा जन्म १५४४ च्या सुमारास इंग्लंडमधल्या कोल्चेस्टर गावी झाला. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकून १५६९ मध्ये तो एम. डी. झाला आणि पुढे लंडनमध्ये त्याने प्रॅक्टिस सुरू केली. नाव झालं, पैसा आला. लग्न मात्र त्याने केलं नाही. रोग्यांमधून उरलेला वेळ आणि पदरचा पैसा त्याने ओतला तो चुंबकावर.

त्या काळी चुंबकाबद्दल काय वाट्टेल ते सांगितलं जाई. लसूण चोळला की चुंबकाची शक्ती जाते, जवळ हिरा ठेवला की चुंबक निकामी होतो, असं मोठमोठ्या ग्रंथांत लिहिलेलं होतं. गिल्बर्टने लसूण चोळून पाहिला, हिरे आणून पाहिले. काहीही झालं नाही! चुंबक-दगडाचा गोल घडवून त्याला त्याने 'टेरेला', म्हणजे छोटी पृथ्वी, असं नाव दिलं. त्यावर बारीक सुई फिरवून त्याने दाखवलं की होकायंत्र उत्तरेकडे वळतं, कारण पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक आहे. हे सगळं १६०० साली 'दे माग्नेते' या लॅटिन ग्रंथात छापून आलं.

याच ग्रंथात आपल्या विषयाचं बीज आहे. चुंबक-दगड हा हार्ड, आपली दिशा सहसा न सोडणारा. साधं लोखंड सॉफ्ट, चटकन चुंबक होणारं आणि तितक्याच चटकन विसरणारं. गिल्बर्टने दगडाला लोखंडाची टोपी बसवली. जो दगड उघडा असताना ४ औंस उचलायचा, तो टोपीसकट १२ औंस उचलू लागला. तिप्पट! मग त्याने टोपी आणि उचलायचं लोखंड यांच्यामध्ये कागद घातला, आणि टोपीचा सगळा फायदा गेला. म्हणजे ही करामत अगदी घट्ट स्पर्शाची होती.

त्याचं सगळंच बरोबर होतं असं नाही. चुंबकात जणू आत्मा आहे असं तो मानत होता. एका जागी सुईचं डेक्लिनेशन कधीच बदलत नाही असंही त्याने लिहिलं. ते १६३५ मध्ये गेलिब्रँडने खोटं ठरवलं, आणि तेही मोजूनच.

१६०० मध्ये गिल्बर्ट लंडनच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा अध्यक्ष झाला, पुढे राणी एलिझाबेथचा वैद्य झाला. १६०३ मध्ये राणी गेली आणि त्याच वर्षाअखेर तोही गेला. पुस्तकं आणि उपकरणं त्याने कॉलेजला दिली होती. १६६६ च्या लंडनच्या आगीत ती जळून गेली. ग्रंथ तेवढा उरला. केप्लर आणि गॅलिलिओ दोघांनीही तो वाचला होता.

आता नॅनोमीटरकडे येऊ. गिल्बर्टची टोपी फक्त फ्लक्स एकवटत होती. १९९१ मध्ये नेलर आणि हाविग यांनी याच जोडीचा वेगळा विचार मांडला. हार्ड आणि सॉफ्टचे कण इतके बारीक करून मिसळायचे की शेजारच्या अणूंचे स्पिन एक्स्चेंज कपलिंगने एकमेकांना बांधले जातील. सॉफ्ट कण १० नॅनोमीटरच्या आसपास असला तर हार्ड शेजारी त्याला धरून ठेवतो. उलट फील्ड दिलं की त्याचे स्पिन पीळ बसल्यासारखे वळतात आणि फील्ड काढलं की स्प्रिंगसारखे परत येतात. कण जाड झाला की मधला भाग शेजाऱ्याचं ऐकत नाही, स्वतःच उलटा होतो.

हे साधलं तर निओडायमियमसारखं महाग मूलद्रव्य कमी वापरून ताकदवान चुंबक मिळेल. गणिताने उत्तर आशादायक येतं. अडतं ते बनवताना. तापवताना कण वाढतात, हार्ड कणांना एका दिशेत लावणं जमत नाही. मोठ्या तुकड्यात ती ताकद अजून उतरलेली नाही. ते काम आपल्यासारख्यांसाठी शिल्लक आहे.

तोवर एक सोपा प्रयोग सांगतो. कपाटाच्या दाराच्या मॅग्नेट कॅचरमध्ये फेराइटचा हार्ड तुकडा दोन मऊ लोखंडी पट्ट्यांमध्ये बसवलेला असतो, म्हणजे गिल्बर्टची टोपीच! पट्ट्यांवर एकेक कागद वाढवत जा आणि दार ओढून पाहा. पकड किती कमी होते हे मोजायला फक्त एक स्प्रिंगचा काटा लागतो.