हिशेबी शास्त्रज्ञ : आंत्वान लाव्हाझिए

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एका रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र लिहावे याचे विज्ञान शाखेतील माझ्या मित्रांना नवल वाटेल. पण ज्या माणसाविषयी मी लिहीत आहे त्याच्यावर आम्हा वाणिज्यवाल्यांचाही थोडा हक्क आहे. आंत्वान लाव्हाझिए हा शिक्षणाने वकील होता, धंद्याने सरकारी करांचा मक्तेदार होता आणि वृत्तीने पक्का हिशेबनीस होता. रासायनिक क्रियेत द्रव्य नव्याने निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हा द्रव्य अक्षय्यतेचा नियम आपण सर्वांनी शाळेत पाठ केला आहे. परीक्षेत दोन गुण मिळवून देणाऱ्या त्या ओळीमागे केवढे आयुष्य उभे आहे, हे मात्र पुस्तकात सांगितलेले नसते.

लाव्हाझिएचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिस येथे झाला. वडील वकील होते. तो पाच वर्षांचा असताना आई वारली आणि पुढे मावशीने त्याला वाढविले. घरच्या परंपरेप्रमाणे त्याने १७६४ मध्ये कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. गणित, खगोल, भूशास्त्र आणि रसायन या विषयांनी त्याला आधीच ओढून घेतले होते. वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, १७६८ साली, फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत त्याची निवड झाली.

त्याच वर्षी त्याने आणखी एक गोष्ट केली. आईकडून आलेल्या संपत्तीतून त्याने 'फेर्म जेनेराल' या संस्थेत भाग विकत घेतला. ही संस्था म्हणजे राजाच्या करांचा मक्ता घेणारी श्रीमंतांची मंडळी. राजाला ठरलेली रक्कम द्यायची, आणि मीठ, तंबाखू, जकात यांवरचा कर लोकांकडून वसूल करून वरचा नफा आपण ठेवायचा, असा तो व्यवहार. मिठावरचा कर म्हटले की आपल्याला १९३० ची दांडी आणि शिरोडा आठवतात. फ्रान्समधील शेतकऱ्यांनाही तो कर तितकाच जाचक वाटत होता, आणि तो वसूल करणाऱ्यांचा लोक मनापासून द्वेष करीत. या मक्त्यातून लाव्हाझिएला पैसा मिळाला, त्या पैशातून त्याची प्रयोगशाळा उभी राहिली, आणि शेवटी याच मक्त्याने त्याचा बळी घेतला.

१७७१ साली त्याने मारी आन पोल्झ हिच्याशी विवाह केला. ती मक्त्यातील एका भागीदाराची मुलगी. लग्नाच्या वेळी तिला चौदावे वर्ष पुरेही झाले नव्हते. परंतु ही मुलगी नुसती गृहिणी होऊन राहिली नाही. नवऱ्याला इंग्रजी येत नसे म्हणून ती इंग्रजी शिकली आणि तिकडचे शास्त्रीय लेखन फ्रेंचमध्ये आणू लागली. ती चित्रकला शिकली आणि प्रयोगाच्या उपकरणांची अचूक चित्रे काढू लागली. प्रयोग चालू असताना नोंदी लिहून घेण्याचे कामही तिच्याकडे असे. रोजकीर्द लिहिणारा माणूस विश्वासाचा असावा लागतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. लाव्हाझिएला असा माणूस घरातच मिळाला होता.

१७७५ मध्ये सरकारी दारूगोळा खात्याची जबाबदारी त्याच्याकडे आली आणि तो पॅरिसच्या शस्त्रागारात राहावयास गेला. तेथे त्याने युरोपातील उत्तम प्रयोगशाळांपैकी एक उभारली. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सात ते दहा हा वेळ विज्ञानाचा. दिवसाचा बाकीचा वेळ मक्ता, दारूगोळा आणि अकादमीच्या कामांचा. आठवड्यातला एक पूर्ण दिवस केवळ प्रयोगांसाठी राखलेला असे. उत्तम कारागिरांकडून त्याने तराजू करवून घेतले आणि त्यांवर पाण्यासारखा पैसा खर्च केला.

त्याच्या कामाची रीत पहिल्या मोठ्या प्रयोगातच दिसते. पाणी पुष्कळ दिवस उकळले तर त्याची माती होते, असा त्या काळी समज होता, कारण उकळलेल्या पाण्याच्या तळाशी गाळ सापडत असे. लाव्हाझिएने काचेचे भांडे आधी रिकामे तोलले, मग पाण्यासह तोलले, बंद केले आणि त्यातील पाणी १०१ दिवस तापवीत ठेवले. शेवटी पुन्हा तोलले. एकूण वजनात फरक नव्हता. पाण्याचे वजन कमी झाले नव्हते. कमी झाले होते ते भांड्याचे. आणि ही घट जवळजवळ त्या गाळाएवढीच होती. म्हणजे गाळ पाण्याचा नव्हता, तो काचेचा होता! एका खात्यात जमा दिसली की दुसऱ्या कोणत्या खात्यातून ती रक्कम आली हे शोधायचे, अशी ही सरळ द्विनोंदी पद्धत झाली.

याच रीतीने तो जळण्याच्या प्रश्नाकडे वळला. जळताना पदार्थातून 'फ्लॉजिस्टन' नावाचे तत्त्व बाहेर जाते, असे त्या वेळचे बहुतेक रसायनशास्त्रज्ञ मानीत. पण मग धातू तापवून त्याचे भस्म केले की वजन वाढते ते का? काही बाहेर गेले असेल तर वजन घटावयास हवे. काहींनी तर फ्लॉजिस्टनला उणे वजन असते असे म्हणून वेळ मारून नेली. ज्याची तेरीज जुळत नाही असा कारकून शेवटी अनामत खाते उघडून फरक त्यात टाकतो, तसाच हा प्रकार मला वाटतो.

लाव्हाझिएला अनामत खाते मान्य नव्हते. १७७२ मध्ये गंधक आणि फॉस्फरस जळताना वजनाने वाढतात हे त्याने पाहिले आणि त्याची टिपणी मोहोरबंद करून अकादमीत ठेवली. १७७४ मध्ये त्याने कथील बंद पात्रात तापविले. पात्र उघडण्यापूर्वी एकूण वजन जसेच्या तसे होते. उघडताच बाहेरची हवा आत शिरली, आणि जेवढी शिरली तेवढेच वजन कथिलाचे वाढलेले निघाले. म्हणजे वाढ आतल्या हवेतून आली होती.

पण हवेतून नेमके काय येते? याचे उत्तर त्याला एकट्याला सापडले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. स्वीडनच्या शेलेने आणि इंग्लंडच्या प्रीस्टलीने तो वायू आधी मिळविला होता. १७७४ च्या ऑक्टोबरात प्रीस्टली पॅरिसला आला असताना लाव्हाझिएच्या घरी जेवणाच्या टेबलावर त्याने आपल्या या वायूची हकिगत सांगितली. पुढे लाव्हाझिएने त्याचे ऋण हवे तसे मान्य केले नाही. हिशेबाच्या बाबतीत एवढ्या चोख माणसाने हे देणे मात्र वहीत नीट मांडले नाही, याचे मला वाईट वाटते. पण प्रीस्टली अखेरपर्यंत फ्लॉजिस्टनलाच धरून राहिला. वायू त्याच्या हाती आला होता, त्याचा अर्थ लाव्हाझिएने लावला.

त्याचा पाऱ्याचा प्रयोग आजही वाचण्यासारखा आहे. त्याने ४ औंस पारा ५० घनइंच हवेच्या सान्निध्यात १२ दिवस तापवला. पाऱ्यावर लाल भस्म धरले आणि हवा ४२ ते ४३ घनइंच उरली. या उरलेल्या हवेत मेणबत्ती विझे आणि प्राणी गुदमरत. मग त्याने ते ४५ ग्रेन लाल भस्म वेगळे काढून अधिक तापवले. त्यातून साडेएक्केचाळीस ग्रेन पारा परत मिळाला आणि ७ ते ८ घनइंच वायू निघाला. हवेतून जेवढे गेले होते तेवढेच परत आले! या वायूत मेणबत्ती झगझगीत जळत होती. खतावणीची दोन्ही पाने अशी जुळली की पाहणाऱ्याला आनंद व्हावा.

या वायूचे नाव त्याने 'ऑक्सिजन' म्हणजे आम्ल उत्पन्न करणारा असे ठेवले. सर्व आम्लांत तो असतोच, असा त्याचा समज होता. १८१० मध्ये डेव्हीने हा समज खोटा ठरविला. मिठापासून होणाऱ्या आम्लात ऑक्सिजन नसतो. येथे मला आपल्या दोन भाषांची गंमत सांगावीशी वाटते. आपल्या मासिकाच्या कन्नड विभागातील मित्र ऑक्सिजनला 'आम्लजनक' म्हणतात, हायड्रोजनला 'जलजनक' म्हणतात. म्हणजे लाव्हाझिएने दिलेला अर्थ कन्नडने जसाच्या तसा जपला. मराठीत आपण 'प्राणवायू' म्हणतो, आणि लाव्हाझिएनेच लाप्लासबरोबर गिनीपिगवर प्रयोग करून श्वासोच्छ्वास हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे असे दाखविले होते. एका भाषेने त्याचा शब्द घेतला, दुसरीने त्याचा शोध घेतला असे म्हणावयास हरकत नाही.

१७८९ साली त्याचा रसायनशास्त्रावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील उपकरणांची चित्रे मारी आनने काढली होती. द्रव्य अक्षय्यतेचे तत्त्व या ग्रंथात येते ते साखर आंबवून मद्य होण्याच्या प्रकरणात. साखर, पाणी, यीस्ट किती घातले ते एका बाजूला आणि शेवटी काय काय मिळाले ते दुसऱ्या बाजूला, असे तक्ते त्याने मांडले. दोन्ही बाजू समान असल्याच पाहिजेत हे गृहीत धरल्याशिवाय रसायनशास्त्रात प्रयोगच करता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्याने काढलेले साखरेच्या घटकांचे प्रमाण पुढे चुकीचे ठरले, पण मांडणी टिकली. आज आपण समीकरण संतुलित करतो ते याच मांडणीने. हा विचार त्याच्या आधीही होता. रशियाच्या लोमोनोसोव्हने १७५६ मध्ये बंद पात्रात धातू तापवून पाहिले होते. लाव्हाझिएने त्या विचाराला रोजच्या कामाचे हत्यार बनविले. १९०५ नंतर आइन्स्टाइनमुळे वस्तुमान आणि ऊर्जा यांचे नाते कळले, तरी साध्या रासायनिक क्रियेतील फरक इतका सूक्ष्म असतो की प्रयोगशाळेच्या तराजूला तो कळत नाही.

ज्या वर्षी हा ग्रंथ आला त्याच वर्षी फ्रान्समध्ये क्रांती झाली. लाव्हाझिए सुधारणांचा पक्षपाती होता. १७८८ मध्ये ब्लवा गावच्या लोकांना धान्यासाठी त्याने बिनव्याजी पैसे दिले होते. नव्या वजनमापांच्या कामातही तो होता. पण चोरटा माल अडविण्यासाठी पॅरिसभोवती भिंत बांधण्याची कल्पना त्याची होती, हे लोक विसरले नव्हते. मारा या क्रांतिकारकाचा त्याच्यावर जुना राग होता, कारण त्याच्या अग्नीविषयीच्या लेखनाची लाव्हाझिएने कदर केली नव्हती. १७९१ मध्ये माराने त्याच्यावर जाहीर हल्ला चढविला. त्याच वर्षी मक्ता बरखास्त झाला. १७९३ च्या नोव्हेंबरात सर्व मक्तेदारांना अटक झाली. कैदेत त्यांना मक्त्याचे हिशेब पुरे करावयास लावले आणि आरोपांना उत्तर लिहिण्याचे काम लाव्हाझिएने केले. तंबाखूत पाणी मिसळल्याचाही एक आरोप होता. ८ मे १७९४ रोजी सकाळी खटला चालला आणि त्याच दिवशी २८ मक्तेदारांना गिलोटिनवर चढविण्यात आले. त्यात त्याचे सासरेही होते. लाव्हाझिए पन्नास वर्षांचा होता. पुढे तीन महिन्यांच्या आतच दहशतीचे ते राज्य कोसळले.

मारी आनलाही काही काळ तुरुंगवास घडला. सुटल्यावर तिने नवऱ्याचे लेख एकत्र करून प्रसिद्ध केले, जप्त झालेल्या वह्या व उपकरणे परत मिळविली, आणि काउंट रम्फर्डशी दुसरे लग्न केल्यावरही लाव्हाझिए हे नाव सोडले नाही. ती १८३६ साली वारली.

हे चरित्र वाचताना मी पुष्कळ वेळ एका प्रश्नाशी थांबलो. लाव्हाझिएला मिळालेली शिक्षा अन्यायाची होती यात शंका नाही. पण ज्या शेतकऱ्याच्या मिठावरचा कर गोळा होऊन त्या सुंदर तराजूंची किंमत चुकती झाली, त्याचे नाव कोणत्या खात्यात होते? द्रव्याच्या बाबतीत कोठून आले आणि कोठे गेले असे जो अखंड विचारीत राहिला, त्याने स्वतःच्या उत्पन्नाला हा प्रश्न तितक्या कठोरपणे विचारला नसावा. उद्या आपल्यापैकी कितीतरी जण बँकांत, कचेऱ्यांत, करखात्यांत वह्या लिहिणार आहेत. तेरीज जुळली की आपले काम संपले असे वाटण्याचा मोह आपल्यालाही होईल. त्या वेळी नुसते आकडे न पाहता त्यांच्या मागे असलेल्या माणसांकडेही पाहावे, एवढे मी या थोर हिशेबी माणसाकडून, त्याच्या यशातून आणि त्याच्या शेवटातूनही, शिकलो.