२८ लाख बायांची नावं यादीतून काढणारे सुकुमार सेन

देशाच्या पहिल्या निवडणुकीची मतदार यादी तपासताना एक भलतीच अडचण पुढे आली. लाखो बायांनी स्वतःचं नावच सांगितलं नव्हतं. यादीत नोंद होती ती अमक्याची आई, तमक्याची बायको अशी. परक्या माणसाला नाव सांगायचं नाही, ही रीत.

देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ही रीत मानली नाही. नाव नाही तर नोंद नाही, असा त्यांचा हिशेब. खरी नावं मिळवण्यासाठी बिहारला महिनाभराची मुदत वाढवून दिली आणि तिथे तिचा चांगला उपयोग झाला. राजस्थानात मात्र प्रतिसाद फारच थोडा. शेवटी देशातल्या सुमारे ८ कोटी महिला मतदारांपैकी जवळपास २८ लाख नावं वगळली गेली. निर्णय कठोर होता, त्या बायांचं मत बुडालं हेही खरं. पण नावाशिवाय मतदार ओळखायचा कसा, हाही प्रश्न होताच.

सेन मूळचे बंगालचे. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आणि पुढे लंडनला शिकले. गणितात सुवर्णपदक. आयसीएसमध्ये आले, जिल्ह्या-जिल्ह्यांत न्यायाधीश राहिले, मग पश्चिम बंगालचे मुख्य सचिव झाले. मार्च १९५० मध्ये त्यांना दिल्लीला बोलावलं गेलं. पंतप्रधान नेहरूंना निवडणुकीची घाई होती, पण याद्या पक्क्या होईपर्यंत सेन यांनी थांबायला लावलं.

मतदार होते १७ कोटींच्या वर, बहुतेक निरक्षर. तेव्हा वयाची अट २१ वर्षांची. १८ व्हायला १९८९ उजाडलं. फाळणीत घरदार सोडून आलेल्यांचं काय, हा पेच तर याद्यांचं काम सुरू झालं तेव्हापासूनचा. रहिवासाचे १८० दिवस ते कुठून दाखवणार? त्यांनी इथेच कायम राहणार असं लिहून दिलं की नोंद होई.

आपल्याकडच्या ऊसतोड कुटुंबांना हा पेच ओळखीचा वाटेल. त्यांच्यासाठी कायदा आज स्पष्ट आहे: कामापुरतं गाव सोडलं म्हणून यादीतलं नाव जात नाही. मात्र नाव एकाच ठिकाणी हवं. नव्या नोंदणीला नमुना ६. लग्नानंतर पत्ता बदलला किंवा नावात चूक असली, तर नमुना ८.

मतदान ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ चाललं. १९५३ मध्ये सुदानची निवडणूक घ्यायलाही सेन गेले. १९५७ च्या दुसऱ्या निवडणुकीपर्यंत सुमारे ९४ टक्के प्रौढ महिला यादीत आल्या होत्या, आणि लोखंडी मतपेट्या सेन यांनी पहिल्या वेळच्याच जपून वापरल्या. डिसेंबर १९५८ मध्ये ते पदावरून उतरले. पुढे बर्दवान विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.